मोटारीचे आर्म : बसवणी आणि आवळणी

ग्रामीण भागात शासकीय कामासाठी धावणाऱ्या वाहनांची संख्या आता मोठी आहे. पंचायत समितीची मोटार, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, शाळेची मुले नेणारी गाडी आणि कृषी, पाटबंधारे वा बांधकाम खात्याच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांची वाहने रोज खड्ड्यांच्या, खडीच्या आणि घाटाच्या वाटेवरून ये-जा करीत असतात. या वाहनांच्या इंजिनाकडे आणि ब्रेककडे सहसा लक्ष दिले जाते. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडून ठेवणाऱ्या भागांकडे मात्र मोठा आवाज येऊ लागेपर्यंत कोणी पाहत नाही. या भागांत कंट्रोल आर्म महत्त्वाचा होय. आपल्याकडील गॅरेजमध्ये त्याला नुसते आर्म किंवा लोअर आर्म म्हणतात.

हा आर्म बदलण्याचे काम फार अवघड नाही. परंतु त्यातील आवळणीचा क्रम चुकला तर नवा भाग थोड्याच काळात निकामी होतो, आणि बोल्ट किंवा बॉल जॉइंट सैल राहिला तर प्राणावर बेतू शकते. म्हणून हे काम कसे होते, कोणत्या क्रमाने व्हावयास हवे आणि ते नीट झाले की नाही हे कसे पाहावे, याची माहिती कारागिराप्रमाणेच वाहन ज्यांच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यांना, दुरुस्तीचा खर्च मंजूर करणाऱ्या सदस्यांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनाही असणे इष्ट आहे.

आर्मचे कार्य

रस्त्यावरील खाचखळग्यांप्रमाणे चाक वरखाली झाले पाहिजे, पण ते पुढेमागे किंवा आतबाहेर सरकता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे हे आर्मचे काम होय. बिजागरीवर टांगलेले दार जसे ठरलेल्या वाटेनेच फिरते, तसा आर्म सांगाड्याकडील टोकाशी फिरतो आणि चाकाकडील टोक वरखाली होऊ देतो. सांगाड्याकडे त्याला रबरी बुश असतात. चाकाकडे बॉल जॉइंट असतो. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसविलेला पोलादी गोळा. त्यामुळे चाक वरखालीही होते आणि स्टिअरिंगबरोबर वळतेही.

आर्मची रचना सर्व गाड्यांत सारखी नसते. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या आणि पुढे टॅक्सी म्हणून घराघरांत माहीत झालेल्या प्रीमियर पद्मिनीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म होते. अँबेसडरमध्ये स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब, म्हणजे टॉर्शन बार वापरला होता. फोर्ड कंपनीतील अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना १९५० साली ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत होती. तिच्यात वरचा आर्म काढून त्याचे काम शॉक-अब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांच्या उभ्या जोडणीकडे दिलेले असते. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींत तीच आढळते. अशा गाडीत प्रत्येक चाकाला खालचा एकच आर्म असतो, म्हणून त्याच्यावरील जबाबदारी अधिक असते. जुन्या पद्धतीच्या जीपला आणि मालमोटारींना पुढे सलग आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. अशा वाहनांना हे आर्म नसतात.

बुश आणि त्याचा पीळ

आवळणीचा क्रम समजण्यासाठी बुशची अंतर्रचना आधी पाहावी लागेल. बुशला बाहेरून लोखंडी कवच असते, आत पोलादी नळी असते आणि दोहोंच्या मध्ये रबर चिकटविलेले असते. बाहेरचे कवच आर्ममध्ये दाबून बसविलेले असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की नळीची दोन्ही टोके सांगाड्यावरील कंसांत घट्ट पकडली जातात.

येथे एक गैरसमज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आर्म बोल्टभोवती फिरतो, असे समजले जाते. वस्तुतः बोल्ट आवळल्यावर आतली नळी जागची हलत नाही. आर्म वरखाली होतो तो केवळ मधले रबर पिळले जाते म्हणून. याचा अर्थ असा की, बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो कोन त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरतो. त्यापासून आर्म जितका दूर जाईल तितका रबराला पीळ बसतो.

हे आकड्यांनी पाहू. समजा, बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत आर्मची लांबी ३५ सेंटिमीटर आहे आणि गाडी जमिनीवर उभी असताना आर्म आडवा असतो. गाडी जॅकवर उचलली की चाक समजा ८ सेंटिमीटर खाली लोंबते. या स्थितीत आर्म सुमारे १३ अंशांनी खाली झुकलेला असतो. कारागिराने याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताक्षणीच रबराला १३ अंशांचा पीळ बसतो. गाडी रात्रभर कचेरीच्या आवारात उभी असली तरी तो पीळ कायम राहतो. पुढे खड्ड्यातून जाताना चाक आणखी ६ सेंटिमीटर वर गेले, तर पीळ सुमारे २३ अंशांवर जातो.

आता दुसरी रीत पाहा. गाडीचे वजन चाकांवर असताना बोल्ट आवळला, तर उभ्या गाडीत रबराला पीळ नसतो. चाक ६ सेंटिमीटर वर गेले तर तो सुमारे १० अंश आणि पूर्ण खाली लोंबले तर १३ अंश होतो. भाग तोच आणि रस्ताही तोच असला, तरी पहिल्या रीतीत रबरावर कायमचा ताण आणि दुसऱ्या रीतीत विश्रांती असा भेद पडतो. पहिल्या रीतीने आवळलेले रबर लवकर चिरते व कवचापासून सुटते. शिवाय पिळलेले रबर स्प्रिंगसारखे काम करून गाडी किंचित उचलून धरते, त्यामुळे चाकांचे कोनही बिघडतात. नवा आर्म टाकूनही काही महिन्यांत पुन्हा खडखड सुरू होते, तेव्हा दोष पुष्कळदा सुट्या भागाला दिला जातो. त्यामागे आवळणीची ही रीत असू शकते.

शिक्षकांना हा भाग वर्गात सहज दाखविता येईल. जुना आर्म शेगड्यात पकडून बुशची आतली नळी, रबर आणि बाहेरचे कवच यांवरून खडूने एक सरळ रेघ ओढावी. आतल्या नळीतून बोल्ट घालून तो नट व वॉशर यांनी नळीवर घट्ट आवळावा आणि पान्याने फिरवावा. रेघ रबरावर तिरकी होते आणि पाना सोडताच पुन्हा सरळ होते. रबर कवचापासून सुटले असेल तर रेघ तुटते आणि तशीच राहते.

दोष कसा ओळखावा

चालकाची तक्रार ही पहिली पाहणी समजावी. खड्ड्यातून जाताना खालून कट-कट असा आवाज येणे, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत सावरावे लागणे आणि टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला अधिक झिजणे, ही आर्मचे बुश वा बॉल जॉइंट गेल्याची लक्षणे असू शकतात. या तक्रारी गाडीच्या लॉगबुकात तारखेसह नोंदविल्या पाहिजेत. तोंडी तक्रार विसरली जाते.

प्रत्यक्ष तपासणीत चाक जमिनीपासून उचलून त्याला वर आणि खाली धरून आतबाहेर हलवावे. ढिलाई जाणवल्यास ती बॉल जॉइंटची की चाकाच्या बेअरिंगची, हे दुसऱ्या माणसाने खाली पाहून ठरवावे. बुशपाशी पहार टेकवून हळू दाब दिल्यास रबर फाटले आहे की नाही ते दिसते. बॉल जॉइंटवरील रबरी टोपी फाटली असेल तर आत पाणी व धूळ जाऊन तो लवकर झिजतो. अशा वेळी आवाजाची वाट पाहू नये. बॉल जॉइंट पूर्ण सुटला तर चाक आतल्या किंवा बाहेरच्या बाजूस कलंडते आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. आंबा किंवा कुंभार्लीसारख्या घाटात याचा परिणाम काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

सुट्या भागांची निवड

मूळ उत्पादकाचा भाग नेहमी मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी महाग असतो. बाजारातील इतर उत्पादकांचे आर्म वापरण्यास हरकत नाही, परंतु घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. जुना व नवा आर्म शेजारी ठेवून दोघांची लांबी, बोल्टच्या छिद्रांतील अंतर आणि बॉल जॉइंटचा कोन ताडून पाहावा. डावा व उजवा आर्म वेगळे असतात, म्हणून त्यांवरील खुणा वाचाव्यात. बुशची आतली नळी जुनीएवढीच लांब हवी. ती आखूड असेल तर कंस आत वाकतो, आणि लांब असेल तर आर्म जागेवर बसतच नाही. बॉल जॉइंट हाताने हलविता यावा, पण ढिला नसावा. त्याच्या रबरी टोपीला चीर नसावी.

काही आर्ममध्ये रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश असतात. त्यांतील बऱ्याच प्रकारांत आतली नळी बुशमध्ये खरोखरच फिरते आणि तेथे ठरलेले ग्रीस लावावे लागते. अशा बुशला वर सांगितलेला पीळ बसत नाही. तरीही आवळणी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच करावी. काही आर्मची लांबी आटे फिरवून कमीजास्त करता येते. असा आर्म बसविण्यापूर्वी त्याची लांबी जुन्या आर्मएवढी करून घ्यावी आणि चाकांचे कोन जुळविल्यानंतरच त्याचा लॉकनट आवळावा.

गाडी उंच करण्यासाठी किंवा तिची चाल बदलण्यासाठी वेगळ्या मापाचे आर्म विकले जातात. शासकीय व सार्वजनिक वाहनांना ते लावू नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. मूळ मापाचा झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा भाग घालणे ही दुरुस्ती होय. मापच बदलणे ही वेगळी गोष्ट आहे.

काढण्याचे काम

काम सपाट व कठीण जमिनीवर करावे. गाडी उचलण्यापूर्वी दोन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली गोष्ट, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. याचा उपयोग पुढे सांगितला आहे. दुसरी गोष्ट, चाकाचे नट अर्धा फेरा सैल करावेत. मग हातब्रेक ओढून मागच्या चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत, जॅकने गाडी उचलावी आणि सांगाड्याच्या मजबूत जागी लोखंडी स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकच्या आधाराने उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. विटा किंवा दगड रचून आधार देण्याची सवय तर पूर्ण सोडली पाहिजे.

ज्या गाडीत स्प्रिंग आर्मवरच टेकलेली असते, तिथे अधिक सावधगिरी हवी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते. ती स्प्रिंग-दाबक साधनाने बांधल्याशिवाय आणि आर्मखाली जॅक दिल्याशिवाय बॉल जॉइंट सोडविला, तर स्प्रिंग उसळून माणूस जबर जखमी होऊ शकतो. अशा गाडीचे काम अनुभवी कारागिरानेच करावे.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. काही गाड्यांत चाकांचे कोन जुळविण्यासाठी विकेंद्री बोल्ट असतात. ते काढण्यापूर्वी त्यांच्या डोक्याची जागा रंगाने खूण करून ठेवावी. बॉल जॉइंट त्यासाठी असलेल्या ओढयंत्राने सोडवावा. त्याच्या आट्यांवर हातोडी मारू नये. चाकाकडील भाग मोकळा झाल्यावर तो ब्रेकच्या नळीवर किंवा वायरींवर लोंबू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा.

बसविणे

कंसातील माती व गंज घासून काढावा. नवा आर्म जागेवर धरून बोल्ट ज्या बाजूने आले होते त्याच बाजूने घालावेत आणि प्रथम हातानेच फिरवावेत. आटे वाकडे लागले असतील तर ते हाताला लगेच कळते, पान्याला कळत नाही. बुशचे नट या वेळी फक्त टेकतील इतकेच आवळावेत, म्हणजे आर्म वरखाली करताना आतली नळी कंसात फिरू शकेल.

बॉल जॉइंटची गोष्ट निराळी आहे. त्यात पिळण्याजोगे रबर नसते, म्हणून तो गाडी उचललेली असतानाच ठरलेल्या टॉर्कने पूर्ण आवळता येतो. त्याचा दांडा निमुळता असेल तर तो आणि त्याची जागा कोरडी व स्वच्छ हवी, तिथे ग्रीस लावू नये. खाचांचा नट असेल तर तो ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळावा, आणि पिनेचे छिद्र खाचेसमोर आले नसेल तर नट किंचित पुढे न्यावा. छिद्र जुळविण्यासाठी नट मागे सोडू नये. पिन दर वेळी नवी घालावी. काही गाड्यांत दांड्याला आडवी खाच असते आणि तिच्यातून आडवा बोल्ट जातो. तिथे दांडा पूर्ण वर गेला आहे आणि बोल्ट खाचेतूनच गेला आहे, याची खात्री डोळ्यांनी करावी.

नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. काही बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवावयाचे असतात. ते आवळताना ताणले जातात, म्हणून तेही एकदाच वापरावयाचे असतात. माहितीपुस्तिकेत तसे लिहिले असेल तर नव्या बोल्टांचा खर्च टाळू नये.

टॉर्क म्हणजे काय

पान्याच्या टोकाला लावलेले बल आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १ किलोग्रॅम भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन बल. समजा, एखाद्या १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला ८० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितला आहे. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने तो आवळावयाचा तर टोकाशी सुमारे २७ किलोग्रॅम भाराइतका जोर लागेल. त्याच पान्याला नळी जोडून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि जोर तितकाच लावला, तर टॉर्क दुप्पट, म्हणजे १६० न्यूटन-मीटर होईल. कारागिराच्या हाताला दोन्ही वेळा सारखेच वाटेल, पण बोल्टच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

बोल्ट आवळणे म्हणजे त्याला ताणणे होय. ताणलेला बोल्ट आखूड होऊ पाहतो आणि त्या ओढीने कंस व नळी एकमेकांवर दाबली जातात. वरील उदाहरणात कोरड्या आट्यांवर हा दाब ढोबळमानाने ३.४ टन भाराइतका येतो. याच दाबाने निर्माण झालेल्या घर्षणामुळे नळी जागची हलत नाही. दाब कमी पडला तर नळी कंसात घासू लागते, छिद्र मोठे होते आणि बोल्टवर आडवा मार बसून तो तुटतो. दाब फार झाला तर बोल्ट कायमचा ताणला जातो आणि पुढे केव्हातरी तुटतो.

आवळताना लावलेल्या श्रमापैकी सुमारे नऊ दशांश भाग आट्यांतील व नटाखालील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो अवघा एक दशांश. म्हणून घर्षण थोडे बदलले तरी दाब पुष्कळ बदलतो. कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला टॉर्क तेल लावलेल्या आट्यांना दिला, तर बोल्ट जरुरीपेक्षा अधिक ताणला जातो. पुस्तिकेत तेल लावावयास सांगितले असेल तरच लावावे.

यासाठी टॉर्क पाना वापरणे आवश्यक आहे. ठरलेला आकडा लावून पाना सावकाश ओढावा आणि खटका वाजताच थांबावे. पुन्हा एक झटका देण्याची सवय चुकीची आहे. शक्यतो बोल्टचे डोके धरून नट फिरवावा. टॉर्क पान्याने नट सोडवू नयेत, त्याला नळी जोडू नये आणि काम संपल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून तो पेटीत ठेवावा. आकडा मात्र त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. एका गाडीचा आकडा दुसरीस चालत नाही, आणि या लेखातील आकडेही केवळ उदाहरणादाखल आहेत.

शेवटची आवळणी

चाक बसवून गाडी खाली उतरवावी. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी ठरलेल्या टॉर्कवर आवळावेत. मग गाडी पुढेमागे थोडी ढकलून आणि पुढच्या बाजूने दोनतीनदा दाबून स्प्रिंगा नेहमीच्या जागी येऊ द्याव्यात. जमिनीत बांधलेला तपासणी-खड्डा किंवा रॅम्प असेल तर गाडी त्यावर घेऊन, चारही चाकांवर वजन असताना बुशचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळावेत.

अशी सोय नसेल तर दुसरा उपाय आहे. सांगाड्याखालील स्टँड तसेच ठेवून बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावावा आणि तो हळूहळू उचलावा. आरंभी लिहून ठेवलेले चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर पुन्हा तेवढेच झाले, म्हणजे आर्म नेहमीच्या कोनात आला असे समजावे. त्या स्थितीत बोल्ट आवळावेत. या वेळी गाडी स्टँडवरून उचलली जाणार नाही, याकडे दुसऱ्या माणसाने लक्ष ठेवावे. स्प्रिंग खचलेली असेल तर हे अंतरही चुकीचे असते. अशा वेळी आधी स्प्रिंग बदलून पुस्तिकेतील माप घ्यावे.

आवळणी झाल्यावर प्रत्येक नटावरून कंसापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढावी. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. यामुळे कारागीर नसलेल्या चालकालाही दर आठवड्याला बॅटरीच्या प्रकाशात पाहणी करता येते.

चाकांचे कोन

आर्म बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करणे हा कामाचाच भाग समजावा आणि ते शेवटच्या आवळणीनंतरच करावे. एखादे चाक गाडीच्या दिशेशी १ अंशाने तिरके राहिले, तर ते दर किलोमीटरला जवळजवळ साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. हे घासणे म्हणजे टायरची झीज आणि इंधनाचा अपव्यय. अलाइनमेंटची आधीची व नंतरची मापे छापील कागदावर मिळतात. तो कागद देयकाला जोडावयास सांगावे.

त्यानंतर शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून नटांवरील रेघा, बॉल जॉइंटची पिन आणि टोपी पुन्हा पाहाव्यात. एखादी रेघ सरकली असेल तर नुसते आवळून न थांबता कारण शोधावे. एकदाच वापरावयाचा बोल्ट पुन्हा आवळू नये, बदलावा.

देयक मंजूर करताना

दुरुस्तीच्या देयकावर सही करणाऱ्याला गाडीखाली जाता येत नसले तरी पाच गोष्टी तो विचारू शकतो. नव्या भागाचा उत्पादक व क्रमांक जॉब कार्डावर लिहिला आहे काय? जुने भाग परत मिळून त्यांची नोंद झाली आहे काय? नवे नट, पिना आणि जरूर तेथे बोल्ट घातले आहेत काय? बुशचे बोल्ट चाकांवर वजन असताना, किती टॉर्कने आवळले, हे लिहिले आहे काय? अलाइनमेंटचा कागद जोडला आहे काय? या पाच प्रश्नांना कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ते विचारले जातात हे एकदा गॅरेजला कळले, की कामाची रीत सुधारू लागते. सर्वांत कमी दराचे काम वर्षात दोनदा करावे लागले, तर ते स्वस्त ठरत नाही.

यात कायद्याची जबाबदारीही आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० प्रमाणे, धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधारण काळजी घेतली असती तर तो कळला असता अशा स्थितीत, सार्वजनिक जागी वाहन चालविणाराच केवळ दोषी ठरत नाही. ते चालवावयास लावणारा आणि चालवू देणाराही दोषी ठरतो. चालकाने आर्मचा आवाज लॉगबुकात लिहिला आणि ती नोंद वाचूनही गाडी पुढच्या दौऱ्यावर पाठविली, तर उत्तर केवळ चालकाला द्यावे लागणार नाही.

रात्री प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला घेऊन रुग्णवाहिका घाट उतरते, तेव्हा तिचा भार दोन बॉल जॉइंट आणि मोजक्या बोल्टांवर असतो. ते कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती टॉर्कने आवळले हे त्या स्त्रीला विचारता येत नाही. तिच्या वतीने ते विचारण्याचे काम वाहनाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांचे आहे. त्यासाठी लागणारी साधनेही थोडीच आहेत : एक टॉर्क पाना, दोन मजबूत स्टँड, गाडीची माहितीपुस्तिका आणि नीट भरलेले लॉगबुक.